आधी बँडवाले, मग नवरदेव

खोली बघायला गेले, तर बाईंनी खोली दाखवलीच नाही. आधी मला अंगणात उभं केलं, त्यांच्याकडे पाठ करून, आणि म्हणाल्या, "समोरच्या पेरूच्या झाडाकडं पाहा." मी पाहिलं. भाड्यानं राहायला आलेल्या बाईला पेरू कशाला दाखवतात, हे मला कळेना. तेवढ्यात मागे खडा पडला आणि मी गर्रकन वळले. बाई पायरीवर बसल्या होत्या. सुती पातळ, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी.

"मागं पाहतेस," त्या म्हणाल्या. "बरं हाये. पण भिऊन पाहतेस. ते काढून टाकू."

मग त्यांनी विचारलं, "रविवारी दुपारी चार वाजता मोकळी असतेस काय?"

मी हो म्हटलं.

"मंग खोली तुही."

नाव-गाव, जात-पात, नवरा कुठं असतो, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. आमच्याकडे खोली देताना हे सगळं विचारतात, आणि नवऱ्याचा प्रश्न तर सगळ्यात आधी. मी वाटभर त्याचंच उत्तर घोकत आले होते. ते तसंच तोंडात राहिलं.

उत्तर असं होतं, की नवऱ्याला मी चंद्रपुरात सोडून आले होते. लग्नानंतर त्यानं माझी पहिली नोकरी सोडायला लावली. तुला काय कमी आहे, म्हणून. पुढे चामोर्शीच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियनची जागा मिळाली तेव्हा म्हणाला, गेलीस तर परत येऊ नकोस. मी गेले. मग त्याचेच फोन सुरू झाले, की झाला तेवढा हट्ट पुरे, आता ये. हा माणूस दारू पीत नव्हता, हात उचलत नव्हता. फक्त मी कुठली भाजी आणावी, कोणाशी किती बोलावं, केस किती लांब ठेवावेत, हे तो ठरवत होता. असलं दुखणं सांगायला गेलं की लोक विचारतात, "मारते काय? पिते काय? मंग दुखते कुठी?" माझ्या सख्ख्या भावानंही हेच विचारलं. तेव्हा बाईंच्या घरात मी शिरले ती एकच गोष्ट ठरवून, की परत जायचं नाही. आणि चंद्रपूरहून माणसं मला न्यायला येणार, हेही मला पक्कं ठाऊक होतं. कधी येतील, एवढंच ठाऊक नव्हतं.

रविवारच्या चार वाजताचं कोडं मला रविवारी चार वाजता सुटलं. पुढच्या खोलीत शाळेच्या जुन्या बाकावर दोन कॉम्प्युटर मांडले होते. बाईंनी एका खुर्चीवर मला बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि सांगितलं की आजपासून मी चौथी. आधीचा भाडेकरू कृषी सहायक होता. त्याची बदली झाल्यापासून संघात तिघंच उरले होते. बाई, एसटीतले एक कंडक्टरभाऊ, आणि सिरोंचाची एक कपड्याचं दुकान चालवणारी बाई, जिला आम्ही कोणी कधी पाहिलं नव्हतं आणि जिच्या मराठीत निम्मं तेलुगू असायचं. चौथा गडी मिळावा म्हणून बाईंनी खोली रिकामी ठेवली होती. चांगली चांगली कुटुंबं परत पाठवली होती.

खेळ बंदुकांचा. एक ओसाड गाव असतं. त्यात चार माणसं उतरतात. गटारातून, छपरांवरून, पडक्या भिंतींआडून वेडीविद्री जनावरं झुंडीनं अंगावर येतात. चौघांनी मिळून ती मारायची आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला जिवंत पोचायचं. हे चौघं चार गावांत बसलेले असले तरी चालतात, पण खेळायचं सगळ्यांनी मिळूनच. एकट्यानं पुढं गेलेला माणूस हमखास मरतो.

बाई शाळेत पीटीच्या शिक्षिका होत्या. साऱ्या नोकरीत त्यांनी मुलींना खो-खो शिकवला, आणि नोकरी संपता संपता गुडघे संपले. मैदान सुटलं तसं त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं होतं, असं शेजारचे सांगत. मग एका उन्हाळ्यात नागपूरहून भाच्याची पोरं आली आणि हा खेळ मांडून बसली. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या आणि बघता बघता त्यांचं डोकं फिरलं. "चौघंही एकाच दिशेले तोंड करून! अरे लेकहो, मागचं कोण पाहते, तुमचा बाप?" पोरं हसली. बाईंनी खुर्ची पुढं ओढली. सुट्टी संपल्यावर पोरं गेली, बाई खुर्चीवरच राहिल्या.

खो-खोत पाटीवर गडी बसतात ते एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं, असे. हे आपण लहानपणापासून पाहतो आणि त्यात काही विशेष आहे असं आपल्याला वाटत नाही. बाईंना त्यात सगळं जग दिसायचं. पहिले कितीतरी दिवस त्यांनी मला बंदुकीला हातच लावू दिला नाही. संध्याकाळी दवाखान्यातून आले की अंगणात चुन्यानं आखलेल्या चौकोनात उकिडवं बसवायच्या. माझं तोंड पेरूकडं. त्या स्वतः पलीकडच्या चौकोनात स्टुलावर, तोंड विहिरीकडं.

"तुह्या मागं काय चाललं ते मी सांगीन. माह्या मागचं तू सांग."

"कोंबडी आली," मी सांगायची.

"कुठून?"

"तिकडून."

"तिकडून म्हणजे कुठून? मले काय पाठीले डोळे हाये? डावी सांग, उजवी सांग, न्हाणीकडून सांग! तिकडून म्हणणारा गडी स्वतः त मरतेच, दुसऱ्यालेही घेऊन मरते."

रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. दवाखान्यातली एक नर्सबाई माझी ओळख असूनही ओळख न दाखवता निघून गेली. मला लाज वाटायची आणि रागही यायचा. चारी बाजूंना सारखं पाहत राहायची मला सवय होती. नवऱ्याच्या घरात ती लागलीच होती. बाई म्हणायच्या, चारही बाजू पाहणारा एकही बाजू धड पाहत नाही. तू तुझी एक बाजू धर आणि बाकीच्या आमच्यावर सोड. सोड म्हणणं सोपं आहे. पाठीमागचं दुसऱ्यावर टाकून समोर निवांत पाहणं मला जमायला फार वेळ लागला, आणि जमलं त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन रडले. का ते बाईंनी विचारलं नाही. चुलीवर पाणी तापलंय, अंघोळही करून घे, एवढंच बाहेरून ओरडल्या.

शेवटी बंदूक मिळाली तेव्हा मी सगळ्यात मोठी उचलली.

"ठेव खाली. पाचवीतल्या पोरीले कोणी पहिल्या दिवशी गोळाफेक देत असते काय?"

लहान बंदूक, एका वेळी थोड्या गोळ्या, मारून झालं की भिंतीआड. बंदूक भरायची झाली की मोठ्यानं सांगायचं, "भरते!" म्हणजे बाकीचे त्या वेळात आपली भरत नाहीत. चौघांनी एकदम भरायला घेतली की चौघंही मुके, आणि जनावरं तेवढ्याचीच वाट पाहत असतात. गोळी मारणाऱ्याच्या पुढून आडवं जायचं नाही. पंगतीत वाढणाऱ्याला आपण आडवं जातो काय? रस्त्यात औषध दिसलं की ज्याला जास्त लागलंय त्यानं घ्यायचं, ज्याला आधी दिसलं त्यानं नाही. कंडक्टरभाऊंना हे सगळं पाठ होतं, पण ऐन गर्दीत त्यांच्या तोंडून "चला, पुढं सरका, पुढं जागा हाये!" असंच निघायचं आणि सिरोंचाची बाई खरोखर पुढं सरकून मरायची.

झुंडीला बाई बरात म्हणायच्या. "बरात आली वो!" अशी हाक उठली की माझ्या अंगावर काटा यायचा. झुंडीच्या पुढं लहान, चपळ जनावरं नाचत यायची, ते बँडवाले. मागून डुलत डुलत एक अजस्र, चिलखत घातलेला यायचा, तो नवरदेव. नवीन माणसाची चूक ठरलेली असते. त्याला नवरदेवच दिसतो. सगळ्या गोळ्या त्याच्यावर रित्या करतो. तो काही मरत नाही, आणि बँडवाले तोवर पाय कुरतडून मोकळे होतात.

"आधी बँडवाले!" बाई गरजायच्या. "नवरदेव कुठी पळून जाते? त्याले स्वतःहून चालता येत नाई, चार जण धरून आणते! बाजूचे उडव, मंग तो एकटा काय करते पाहू."

हे ऐकून मी पहिल्यांदा इतकी हसले की माझा माणूस मेला.

गावात बोललं जायचंच. या वयात बंदुका कसल्या चालवता, असं एकदा एका वकीलसाहेबांच्या सासूबाईंनी आठवडी बाजारात, वांग्यांच्या ढिगाजवळ सगळ्यांसमोर विचारलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही सिरियल पाहता त्यात रोज सून सासूले विष देते, ते चालते. मी जनावरं मारून राह्यली. तुम्हाले कायचं भेव?" आणि वांगी न घेता पुढं निघाल्या. मग घरी येऊन, वांगी राहिली म्हणून माझ्यावर चिडल्या.

चौघांतलं कोणी नसलं की खेळ कुठल्याही अनोळखी माणसाला आत घालतो. असाच एकदा एक मुलगा आला. बाईंचा आवाज ऐकून त्यानं हिंदीत सुरू केलं, आंटी, इधर क्या कर रही हो, जाके खाना बनाओ. माझे कान तापले. कंडक्टरभाऊ तोंडात येईल ते बोलायला लागले. बाईंनी त्यांना गप्प केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "खाना बन गया बेटा. तू पीछे देख." त्यानं पाहिलं नाही. बँडवाल्यांनी त्याला पाडला. मग बाई त्याच्या पडलेल्या माणसाजवळ गेल्या, मला पाठीला पाठ लावून उभं केलं आणि त्याला उचललं.

"काऊन उचलता त्याले?" मी म्हटलं.

"पडला हाये ना."

कोणी पडलं की उचलायचं, हा बाईंचा हट्ट होता, आणि उचलायचीही रीत होती. एकानं उचलायचं, एकानं उभं राहायचं. दोघं धावले की तिघं पडतात. त्या मुलानं उठल्यावर पुन्हा काहीतरी वेडंवाकडं म्हटलं. तेव्हा मात्र बाईंनी गळ्यातली शिट्टी माईकजवळ धरली आणि मैदानावर फुंकतात तशी फुंकली. तो खेळ सोडून गेला. त्याचे कान पुढं कित्येक दिवस वाजत असणार.

नेट तर आमच्याकडं पावसाळ्यात असतंच असं नाही. सिरोंचाच्या बाईचं निम्म्या खेळात जायचं आणि तिचा माणूस बंदूक धरून जागच्या जागी थिजायचा. त्याला तिथंच टाकून पुढं जाणं हा शहाणपणा होता, आणि तो मी एकदा बोलून दाखवला. "नेट गेलं म्हणजे माणूस गेला नाई," बाई म्हणाल्या. आम्ही तिघं त्या थिजलेल्या पुतळ्याभोवती तीन दिशांना तोंड करून उभे राहायचो आणि येईल ती बरात अंगावर घ्यायचो. बहुतेक वेळा त्यात चौघंही मरायचो. अवघड पातळ्या आम्ही फार थोड्या जिंकलो, याचं कारण हे. हरलो हा शब्द बाई उच्चारू द्यायच्या नाहीत. "कळलं" म्हणायचं. मेल्यावर कंडक्टरभाऊ खिन्न आवाजात म्हणायचे, "कळलं बाई, आज फारच कळलं."

एकदा आम्ही दोघी गडचिरोलीहून बसनं येत होतो. बाईंना आदल्या रविवारच्या चुका आठवल्या आणि त्यांनी सिरोंचाला मोबाईलवर निरोप बोलायला घेतला. आवाज मैदानावरचा. "ऐक, पुलावर सगळे एका ठिकाणी थांबू नका. एक पुढं, दोघं मधात, एक मागं. दारूगोळा शाळेच्या मागच्या खोलीत असते, मी पाह्यला हाये. ज्याचा संपला त्यानंच उचलायचा. आणि टाकीजवळ पोचल्याशिवाय कोणी गोळी मारायची नाई."

आमच्या जिल्ह्यात असलं वाक्य बसमध्ये बोलत नाहीत. बाईंच्या शेजारचा माणूस पिशवी छातीशी धरून उठला. मी बाईंचा पदर ओढत होते, आणि त्यांना वाटत होतं मला खिडकी लावून हवी आहे. कोणी फोन केला कोणास ठाऊक, पण पुढच्या नाक्यावर बस थांबली आणि पोलिसांनी आम्हाला नम्रपणे खाली उतरवलं. खेळ आहे म्हणून सांगितलं तर विश्वास बसेना. मग बाईंनी मोबाईलमध्ये साठवलेला आमचा खेळ लावला. तीन पोलीस डोकं खुपसून बघायला लागले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बाईंचा चेहरा बदलला.

"तिघंही मोबाईलमधी! रस्ता कोण पाहून राह्यलं?"

तिघंही दचकून तीन बाजूंना झाले. त्यांतली एक मुलगी होती. ती आधी हसली आणि मग टाचा जुळवून उभी राहिली. "बाई, मी तुमच्या शाळेत होते. खो-खोत."

"माहीत हाये. दिशा चुकवायचीस तू नेहमी. अजून सुधरली नाई."

बस सुटली तेव्हा ती मुलगी हात हलवत होती. शेजारचा माणूस मात्र जागेवर बसला नाही. चामोर्शीपर्यंत दांडा धरून उभाच राहिला.

बाईंना देवी करून टाकावं असं आता सगळ्यांनाच वाटतं. पण त्यांच्याबरोबर राहणं कठीण होतं. सकाळची बुद्धवंदना झाली की त्यांचे हुकूम सुरू व्हायचे. भाजीत तेल जास्त घातलं की शिट्टी. दिवा विझवायला विसरले की शिट्टी. एकदा मी कपडे वाळत घालत होते, तर दोरीच्या चुकीच्या टोकापासून सुरुवात केली म्हणून शिट्टी. माझ्या हातातली ओली चादर खाली पडली आणि मी ओरडले, "घरात शिट्टी वाजवायची नाई! मी एका हुकमातून सुटून आली, दुसऱ्यात राहायले नाई आली!" साऱ्या गल्लीनं ऐकलं असेल. बाईंना राग आला, चांगलाच आला. कितीतरी दिवस त्या माझ्याशी खेळापुरतं बोलत होत्या, "डावी, उजवी, भर," बस्स. पण शिट्टी दाराजवळच्या खिळ्याला गेली आणि घरात त्यांच्या गळ्यात मी ती पुन्हा पाहिली नाही. माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही.

माणसं आली ती धान कापून झाल्यावर, एका रविवारी. सकाळी भावाचा फोन आला की दुपारी येतो, बाकीचेही येताहेत. एवढे दिवस ज्याची वाट पाहिली ते आलं, आणि मला दुसरं काही सुचेना. फक्त बाई आहेत, बाई सगळ्यांना उभ्या उभ्या घालवतील, एवढंच मनात धरून बसले.

चाराच्या जरा आधी गाडी दारात लागली. नवरा, त्याचे काकाजी आणि माझा मोठा भाऊ. काकाजी त्यांच्या भावकीत मोठे. लग्न जुळवायला आणि मोडलेलं बसवायला त्यांनाच बोलावत. बाईंनी कंडक्टरभाऊंना फोन करून आज खेळ नाही म्हणून सांगितलं. त्यांनी रविवारचा खेळ रद्द केलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. मग तिघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, चहा ठेवला, आणि तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन दारात सोलायला बसल्या.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, "केस कापले काय?"

काकाजींनी त्याला हातानं थांबवलं. "पोरी, झालं ते झालं. नवराबायकोत होते असं. सामान बांध. गाडी उभी हाये."

"बदलीचं पाहून घेऊ," भाऊ म्हणाला. "चंद्रपूरले आणू तुले. नोकरी सोड असं कोणी म्हणून नाई राह्यलं."

मी बाईंकडे पाहिलं. शेंग, दाणे, साल. शेंग, दाणे, साल. काकाजींनीही तिकडंच पाहिलं. "बाई, तुम्ही वडीलधाऱ्या. शिकलेल्या. तुमचं ऐकते ती. तुम्ही सांगा तिले."

"तिचं नाव घेऊन आले ना तुम्ही?" बाई मान वर न करता म्हणाल्या. "तिलेच विचारा. तिले तोंड हाये."

आणि पुन्हा शेंगा. माझा असा संताप झाला! अख्ख्या बाजारात भांडणारी, पोलिसांना तीन दिशांना उभं करणारी ही बाई, आणि आज हिला तुरीच्या शेंगा सुचताहेत! खेळात शिकलेलं सगळं अशा वेळी आठवतं असं मी लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. भावाच्या चपलेचा तुटलेला अंगठा तेवढा दिसत होता.

"काकाजी, चहा घ्या," मी म्हटलं. "मी येत नाई."

"एवढ्याशा गोष्टीवरून संसार मोडते काय कोणी?" भाऊ म्हणाला.

"दादा, तुले एवढीशी वाटते, वाटू दे. तुले त्या घरात राहाचं नाई. मले राहाचं होतं, आणि मी राहून पाह्यलं. मी येत नाई."

"लोक काय म्हणन?"

"म्हणू दे. लोक माह्या केसांवर बोलत नाई. हा आल्या आल्या बोलला."

काकाजींनी नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा काहीतरी समजलं, किंवा निदान दम लागला. नवरा उठला. आवाज चढला. "कोणाच्या जोरावर बोलून राह्यली तू? या बाईनं बिघडवलं तुले!"

"इथी माह्याकडून कोणी बोललं काय?" मी म्हटलं. "एक शब्द? तूच सांग. त्या शेंगा सोलून राह्यल्या."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी सूप जरासं झटकलं.

"दाणे चांगले भरले यंदा," त्या म्हणाल्या.

काकाजींनी चहा संपवला. जाताना ते माझ्याशी बोलले नाहीत, पण नवरा पुन्हा आत वळू लागला तेव्हा त्याच्या खांद्याला धरून त्यांनीच त्याला गाडीत बसवलं. भाऊ सगळ्यात शेवटी गेला. धूळ खाली बसली आणि मी बाईंवर तुटून पडले. "एक शब्द नाई निघाला तुमच्या तोंडून? मी मरून राह्यली होती तिथी! तुम्ही एक आवाज टाकला असता त पळाले असते ते!"

"पळाले असते," बाई म्हणाल्या. "आजच पळाले असते. आणि मंग घरी बसून माह्या मरायची वाट पाह्यली असती. माह्या वयाकडं पाहा. किती दिवस पाह्याची होती त्यांले?"

मी त्यांच्याजवळ बसले आणि उरलेल्या शेंगा दोघींनी मिळून सोलल्या.

गेल्या पावसाळ्यात बाई वारल्या. त्यांचं रक्त मीच तपासलं होतं. काय निघालं, त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले नाही. अखेरच्या रविवारी कंडक्टरभाऊ रजा टाकून घरी आले आणि सिरोंचाची बाई बसनं निघून पहिल्यांदा समोर आली, बुटकी, गोरी, नाकात दोन्हीकडे चमक्या घातलेली. ती बाईंचे पाय धरून तेलुगूत काय काय बोलत होती ते आम्हाला कळलं नाही, बाईंना कळलं असावं.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चंद्रपूरहून गाडी आली. तीच गाडी होती. काकाजी होते, माझा भाऊ होता. मी दारात जाऊन उभी राहिले. आत आता दुसरं कोणी वडीलधारं नव्हतं. काकाजींनी जोडे काढले, बाईंच्या फोटोला फुलं वाहिली आणि पाणी मागून घेतलं. मग उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "येतो, पोरी," म्हणाले. भावानं गाडीचं दार उघडून धरलं ते काकाजींसाठी. सामान बांध, असं मला कोणीही म्हटलं नाही.